शाकाहारी माणसाच्या पोटात इसबगोल नेमकं काय पकडतं?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. विचारणारे गृहस्थ 46 वर्षांचे, बैठं काम, पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. एलडीएल (रक्तातलं 'वाईट' कोलेस्टेरॉल) 158, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 210. थायरॉईडची गोळी चार वर्षं चालू आहे. डॉक्टरांनी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, सुचवली. ते टळावं म्हणून त्यांनी तीन महिने रोज सकाळी वाटीभर ओट्स आणि रात्री झोपताना एक चमचा इसबगोल असा नेम केला. नवा रिपोर्ट आला, एलडीएल 154. मग वैतागून त्यांनी विचारलंय: "फायबर कोलेस्टेरॉल बांधून बाहेर टाकतं म्हणतात. मी तर कोलेस्टेरॉल खातच नाही, मग ते टाकणार काय? आणि यकृताचा यात संबंध कुठे येतो?"

मी गेली बावीस वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. हा प्रश्न मला पहिल्यांदा एका निवृत्त रसायनशास्त्राच्या मास्तरांनी विचारला होता, आणि तेव्हा माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. नवीन होते, कोलेस्टेरॉलवाला कोणीही आला की "पिठात गव्हाचा कोंडा घाला" असं सांगून मोकळी व्हायचे. मास्तरांनी चार महिने इमानेइतबारे कोंड्याची पोळी खाल्ली. पोट साफ राहिलं, रिपोर्ट जिथल्या तिथे. "बाई, तुमचा कोंडा माझ्या यकृतापर्यंत पोचलेला दिसत नाही," असं म्हणाले. त्या वाक्यामुळे मी पुन्हा पुस्तकं उघडली. तर मास्तरांना तेव्हा द्यायला हवं होतं ते उत्तर आता तुम्हाला देते.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: आतड्यात जे कोलेस्टेरॉल असतं ते ताटातून आलेलं असतं. तसं नाही. दूध-तुपातून थोडं तुमच्याही पोटात जातं, पण ते सोडून देऊ. अंडी-मटण खाणाऱ्याच्या पोटातसुद्धा जेवणातून दिवसाला साधारण 300 मिलिग्रॅम येतं, आणि त्याचं स्वतःचं यकृत पित्तावाटे सुमारे 1 ग्रॅम, म्हणजे तिप्पट, आतड्यात ओततं. तुम्ही शाकाहारी असलात तरी ही ओतणी चालूच असते. आणि हे फक्त सुट्या कोलेस्टेरॉलचं झालं. खरा व्यवहार पित्ताम्लांचा आहे.

पित्त म्हटलं की आपल्याला आंबट ढेकर आणि आमसुलाचं सार आठवतं. ते पित्त वेगळं, ते जठरातलं आम्ल. मी म्हणतेय ते हिरवट-पिवळं, कडूजहर पित्त यकृतात तयार होतं, पित्ताशयात साठतं आणि तुम्ही तेलातुपाचा घास खाल्लात की लहान आतड्यात सोडलं जातं. भांड्याच्या तेलकटपणावर साबण जे करतो तेच ते जेवणातल्या चरबीवर करतं. त्यातला साबण म्हणजे पित्ताम्लं, आणि ही पित्ताम्लं यकृत कोलेस्टेरॉलपासूनच बनवतं. शरीराला कोलेस्टेरॉलचा सांगाडा मोडून जाळता येत नाही. त्याचा निकाल लावायचा तर बाहेर टाकायचं, आणि त्याचा मोठा मार्ग म्हणजे आधी त्याचं पित्ताम्ल करायचं.

शरीर मात्र चिक्कू आहे. मुंबईत ज्यांचं बालपण गेलं त्यांना आरेच्या दुधाच्या काचेच्या बाटल्या आठवत असतील. रिकाम्या बाटल्या केंद्रावर द्यायच्या, भरलेल्या आणायच्या. बाटली फुटली तरच नवी काच लागायची. पित्ताम्लांचं तसंच आहे. अंगात एकूण साठा 2 ते 4 ग्रॅम, म्हणजे चहाच्या अर्ध्या-पाऊण चमचा साखरेएवढा. एवढासा साठा दिवसातून सहा ते दहा वेळा यकृतातून आतड्यात आणि आतड्यातून परत यकृतात फिरतो. लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यात त्याला परत उचलून घेणारी खास यंत्रणा असते, आणि दर फेरीत साधारण 95 टक्के माल परत येतो. दिवसाकाठी शौचावाटे जातो तो अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. तेवढीच भर यकृताला स्वतःच्या कोलेस्टेरॉलमधून घालावी लागते. बाटल्या परत येत राहिल्या की नव्या काचेची मागणी जवळजवळ नसतेच.

आणि बाटल्या परत आल्या की नाहीत हे यकृताला कळवलंही जातं. आतड्याच्या शेवटच्या भागातल्या पेशी पित्ताम्लं उचलता उचलता रक्तात एक निरोप सोडतात. एफजीएफ-19 हे त्या संदेशवाहकाचं नाव. निरोप एवढाच: माल पोचतोय, नवीन काढू नका. तो मिळाला की कोलेस्टेरॉलचं पित्ताम्ल करणारं यकृतातलं मुख्य विकर (एन्झाइम), सीवायपी7ए1, आवरतं घेतं.

विरघळणारं, म्हणजे इसबगोल-ओट्समधलं, फायबर हात घालतं ते इथे, बाटल्या परत येण्याच्या रस्त्यावर.

हे समजवायला माझ्या टेबलावर दोन काचेचे ग्लास असतात. एकात गव्हाचा कोंडा, एकात इसबगोल, दोन्हीत सारखंच पाणी. समोरचा माणूस आपली कहाणी सांगेपर्यंत दहा मिनिटं जातात. मग मी ग्लास तिरके करते. कोंडा तळाशी बसलेला असतो आणि वरचं पाणी सरळ वाहून येतं. इसबगोलाच्या ग्लासात पाणी असं उरलेलंच नसतं, सगळं मिळून एक थुलथुलीत गोळा झालेला असतो, तो काठापर्यंत येतो आणि तिथेच थबकतो. चमच्याने ओढला तर भेंडीसारखी तार धरतो. ही तार आणि हा थबकणारा गोळा आतड्यात झाला पाहिजे. पित्ताम्लं आणि सुटं कोलेस्टेरॉल त्या चिकात अडकून राहतात, आतड्याच्या भिंतीपर्यंत पोचत नाहीत, परत उचलली जाण्याआधी पुढे मोठ्या आतड्यात ढकलली जातात. म्हणजे "फायबर कोलेस्टेरॉल बांधतं" यातला "बांधतं" हा शब्द थोडा फसवा आहे. चुंबकाने टाचण्या उचलाव्यात तसं ते होत नाही. चिखलात चप्पल रुतते तसं होतं.

हे नुसतं ग्लासातलं तर्कट नाही. स्वीडनमध्ये काही लोकांवर छान काम झालंय. आजारपणामुळे यांचं मोठं आतडं काढलेलं होतं, त्यामुळे लहान आतड्यातून नेमकं काय बाहेर पडतं ते थेट मोजता आलं. ओटच्या कोंड्याचा पाव दिल्यावर पित्ताम्लं जास्त बाहेर पडली. त्याच ओट्समधलं बीटा-ग्लुकन हे चिकट फायबर विकर घालून तोडलं, तर तो परिणाम ओसरला. दुसऱ्या एका अभ्यासात काहींना 3 ग्रॅम लांब साखळ्यांचं बीटा-ग्लुकन दिलं आणि काहींना 4 ग्रॅम, पण प्रक्रियेत तुकडे झालेलं. तुकडेवाल्याचा एलडीएलवरचा परिणाम लांब साखळ्यांच्या निम्म्याहूनही कमी भरला. वजन जास्त असलं तरी चिकटपणा गेला की काम गेलं. पाकिटावर "फायबर इतके ग्रॅम" वाचून भुलू नका हे मी म्हणते ते यासाठी. पाण्यात घातल्यावर विरघळून पाण्यासारखीच राहणारी फायबरची पावडर पोटाला चालेल, पण एलडीएलसाठी तिच्यावर पैसे घालवू नका.

आता यकृत. परतीच्या बाटल्या कमी झाल्या, निरोप येईना, म्हणून सीवायपी7ए1 जोरात कामाला लागतं आणि यकृताच्या पेशीतलं कोलेस्टेरॉल पित्ताम्लांकडे वळवलं जातं. पेशीला तुटवडा जाणवतो. तुटवड्यावर पेशी दोन गोष्टी करते, दोन्ही एकाच वेळी. एक, पृष्ठभागावर एलडीएल रिसेप्टर वाढवते. हे रिसेप्टर म्हणजे रक्तातला एलडीएलचा कण आत ओढून घेणारे हात. मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना 1985 चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. तुमच्या रिपोर्टवरचा आकडा उतरतो तो या हातांमुळे. इसबगोल रक्तातल्या कोलेस्टेरॉलला कधी शिवतही नाही, ते यकृताला रक्तातून उचलायला भाग पाडतं. दोन, पेशी स्वतःची भट्टीही पेटवते, म्हणजे कोलेस्टेरॉल नव्याने बनवायला लागते. हे दुसरं आपल्याला नको असतं. पण शरीर आपल्या सोयीने चालत नाही. तुटवड्यातला काही भाग बाजारातून उचलून भागतो, काही घरच्या भट्टीतून.

फायबरची मर्यादा इथून येते. तुम्ही कितीही नेमाने खाल्लंत तरी भट्टी तुमच्याविरुद्ध काम करत राहते, म्हणून उतार साधारण 5 ते 10 टक्क्यांवर थांबतो. स्टॅटिन नेमकी ती भट्टी दाबतं. आता ओळखा, दोन्ही एकत्र घेतले तर काय होईल? फायबर बाटल्या पळवतं, स्टॅटिन काच बनवू देत नाही, यकृताला रक्तातून उचलण्यावाचून गत्यंतर राहत नाही. सिमव्हास्टॅटिन 10 मिलिग्रॅमच्या जोडीला रोज 15 ग्रॅम इसबगोल दिल्यावर एलडीएल जितकं उतरलं, तितकंच ते नुसत्या 20 मिलिग्रॅमने उतरलं, असं 2005 मधल्या एका चाचणीत दिसलं. स्टॅटिनचा डोस दुप्पट केल्यावर एरवी एलडीएल जेमतेम आणखी 6 टक्के उतरतं, तेवढं काम इसबगोलाने केलं. "गोळी नको म्हणून इसबगोल" असा सामना लावणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की हे दोघे एकाच संघातले आहेत.

एक मुद्दा वाचनात येईल म्हणून सांगून ठेवते. मोठ्या आतड्यातले जिवाणू फायबर आंबवतात, त्यातून प्रोपिओनेट नावाचा पदार्थ तयार होतो आणि तो यकृतातली भट्टी थंड करतो, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. प्राण्यांमध्ये आणि प्रयोगशाळेतल्या पेशींत तसं दिसलंय. माणसात त्यावर फार भिस्त ठेवावी असं मला वाटत नाही. साधं कारण: इसबगोल जवळजवळ आंबतच नाही, तरी ते एलडीएल उतरवतं. उलट इन्युलिन हे भरपूर आंबणारं फायबर एलडीएलच्या बाबतीत यथातथाच.

आता तुमच्या तीन महिन्यांचा हिशोब करू.

चमच्यापासून सुरुवात. इसबगोलाचा भुसा कापसासारखा हलका असतो. माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर चहाचा सपाट चमचा दीड ते दोन ग्रॅम भरतो, जेवणाचा शिगोशीग चमचा पाच ग्रॅमच्या आसपास. भुशात विरघळणारं फायबर साधारण 70 टक्के, म्हणजे तुमच्या एका चमच्यातून दीड ग्रॅमसुद्धा जात नाही. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने 1998 मध्ये इसबगोलाला हृदयासंबंधीचा दावा छापायची परवानगी दिली ती दिवसाला 7 ग्रॅम विरघळणाऱ्या फायबरसाठी, म्हणजे सुमारे 10 ग्रॅम भुसा. ओट्सला वर्षभर आधी दिली ती 3 ग्रॅम बीटा-ग्लुकनसाठी. कोरड्या ओट्समध्ये बीटा-ग्लुकन 4 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे 75 ग्रॅम कोरडे ओट्स लागतात. तुमची वाटी शिजलेली आहे, तिच्यात कोरडे 35-40 ग्रॅम असले तर खूप. थोडक्यात, इसबगोलाचा डोस पाचवा हिस्सा आणि ओट्सचा निम्मा.

67 चाचण्या एकत्र करून 1999 मध्ये काढलेला अंदाज असा होता की विरघळणारं फायबर दर ग्रॅममागे एलडीएल साधारण 2 अंकांनी उतरवतं. तुमचे सगळे मिळून पावणेतीन-तीन ग्रॅम होतात. म्हणजे अपेक्षाच पाच-सहा अंकांची होती. 4 उतरलं, हिशोब लागला म्हणून खूश होऊ नका, कारण काहीही न करता तीच व्यक्ती दोन वेगवेगळ्या दिवशी रक्त देईल तरी एलडीएल 5 ते 10 टक्के इकडेतिकडे होतं. 158 आणि 154 यांत मला फरक दिसत नाही. आणि तुमच्या रिपोर्टवर एलडीएल "कॅल्क्युलेटेड" लिहिलंय का तेही बघा. तसं असेल तर ते बहुधा एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करून काढलेलं असतं. ट्रायग्लिसराइड 210 हललं की एलडीएलचा आकडाही हलतो. पुढच्या वेळी तीच लॅब, तोच उपास.

दुसरी चूक वेळेची, आणि माझ्या मते ती मोठी आहे. तुम्ही इसबगोल झोपताना घेता. आपल्याकडे ते बद्धकोष्ठावरचं औषध म्हणूनच घरात शिरलं, त्यामुळे रात्री कोमट दुधातून किंवा पाण्यातून घ्यायची रीत पडली. सकाळी पोट साफ होण्यासाठी ती रीत ठीकच आहे. पण मघाशी काय पाहिलं? पित्त सोडलं जातं ते जेवणाला. रात्री साडेअकराला जाळं टाकलंत तेव्हा मासे येऊन गेलेले असतात. 1994 च्या एका अभ्यासात हे तपासलं होतं: जेवणात मिसळून घेतलेल्या इसबगोलाने कोलेस्टेरॉल उतरलं, दोन जेवणांच्या मध्ये घेतलेल्याने नाही. म्हणून मी ते जेवणाच्या ताटावर बसण्याआधी पाच मिनिटं किंवा जेवता जेवता घ्यायला सांगते, आणि दिवसातलं सगळ्यात स्निग्ध जेवण कुठलं असेल तर आधी त्याला.

तिसरी गोष्ट तुमच्या प्रश्नात नाही, पण मी विचारलीच असती: ओट्सनी कशाची जागा घेतली? 1980 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत ओटच्या कोंड्याचं वेड आलं होतं. जानेवारी 1990 मध्ये एक अभ्यास आला, वीस निरोगी लोकांवरचा. ओटच्या कोंड्याने कोलेस्टेरॉल उतरलं, पण जवळपास तेवढंच कमी फायबरच्या साध्या गव्हानेही उतरलं. कारण दोन्हींनी ताटातले चरबीचे पदार्थ बाजूला सारले होते. त्या लोकांचं कोलेस्टेरॉल मुळातच कमी होतं हा त्यातला दोष आहे, आणि नंतरच्या मोठ्या कामाने फायबरचा स्वतःचा वाटा सिद्ध झाला. तरी मुद्दा उरतोच. ओट्स आधीच्या नाश्त्याच्या ऐवजी आले की आधी ओट्स आणि अकरा वाजता ऑफिसात वडापाव?

वडापावचा उल्लेख उगाच नाही. संपृक्त चरबी, म्हणजे साजूक तूप, लोणी, साय, खोबरेल, पाम तेलातलं फरसाण, यकृतातले तेच एलडीएल रिसेप्टर कमी करते. फायबरने जे दार उघडायचं तेच हिने लोटायचं. तुपाचं तेज, तुपाचे फायदे यावर माझ्याशी बरेच जण वाद घालतात. वरणभातावरच्या चमचाभर तुपाला माझीही ना नाही. पण पोळीला तूप, भाताला तूप, रात्री दूध सायीसकट आणि वर इसबगोल, हे गणित जमत नाही. तुम्ही शाकाहारी असून एलडीएल 158 का, याचं उत्तर निम्म्या घरांत मला तुपाच्या बरणीत आणि बिस्किटांच्या डब्यात सापडतं. उरलेल्या निम्म्या घरांत ते आईवडिलांकडून आलेलं असतं.

आता घरच्या खाण्यातून काय होईल. इसबगोलावरच सगळं रेटायला हवं असं नाही. चवळी, राजमा, कुळीथ, हरभरे, उडीद यांत विरघळणारं फायबर बऱ्यापैकी असतं. वाटीभर उसळ दिवसातून दोनदा केलीत तर ते ओट्सपेक्षा स्वस्त आणि आपल्या तोंडाला ओळखीचं. भेंडी करताना आपण चिकटपणा घालवायला चिंच-ताक घालतो. एखाद्या दिवशी घालवू नका. पेरू, सफरचंद, संत्र्याच्या फोडीवरची पांढरी साल यांत पेक्टिन हे विरघळणारं फायबर. जवसाची चटणी चांगली, पण ती चमचाभर खाल्ली जाते, तेवढ्यावर रिपोर्ट हलणार नाही. मेथीदाण्यांचं तसंच. त्यातला चिक खरंच कामाचा आहे, पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत मेथीवर जे काम झालं त्यात रोज 25 ते 100 ग्रॅम मेथीची पूड दिली होती. रात्री भिजवलेले वीस दाणे म्हणजे नुसतं समाधान.

ज्वारी, बाजरी, नाचणी यांबद्दल गैरसमज नको. त्या खाव्यात, साखरेसाठी, पोटासाठी, आणि चवीसाठीसुद्धा. पण त्यांच्यातलं फायबर मुख्यतः न विरघळणारं, मास्तरांच्या कोंड्याच्या जातीचं. धान्यांत चिकट बीटा-ग्लुकन आहे ते ओट्समध्ये आणि जवात. जवाला आपल्याकडे सातू म्हणतात, पण दुकानातलं सातूचं पीठ बहुतेकदा गहू आणि डाळ्याचं असतं, तेव्हा पाकिटामागची यादी वाचून घ्या. जव मिळाले तर तांदळात पाव हिस्सा मिसळून खिचडी होते. कुकरला दोन शिट्ट्या जास्त लागतात, बाकी कोणाला कळतही नाही.

थायरॉईडचं मी मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण तुमच्या बाबतीत कदाचित तेच पहिलं आहे. थायरॉईड संप्रेरक कमी पडलं की यकृतातले एलडीएल रिसेप्टर कमी होतात आणि एलडीएल चढतं. तुमचा शेवटचा टीएसएच (रक्तातला हा आकडा वाढला म्हणजे थायरॉईड संप्रेरक कमी पडतंय) केव्हाचा आहे ते तुम्ही लिहिलं नाही. तो वाढलेला असेल तर आधी गोळीचा डोस नीट व्हायला हवा. कधीकधी तेवढ्यानेच एलडीएल माझ्या सगळ्या ओट्सपेक्षा जास्त उतरतं. आणि सावधगिरीची गोष्ट: हा चिक पित्ताम्लं जशी अडकवतो तशी औषधंही अडकवतो. माझ्याकडच्या एका ताईंनी मी सांगितलेलं इसबगोल उत्साहाने सकाळी थायरॉईडच्या गोळीपाठोपाठ सुरू केलं, आणि दोन महिन्यांनी टीएसएच दुप्पट. मी गोळीची वेळ विचारली नव्हती, चूक माझी. तेव्हापासून विचारते. गोळी आणि इसबगोल यांत चार तासांचं अंतर ठेवा. तुम्ही गोळी पहाटे सहाला घेत असाल तर नाश्त्याला इसबगोल नको, दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाला घ्या. बाकीची औषधं दोन तास मागेपुढे. लिथियम, डिगॉक्सिन, वॉरफरिन, फिटांच्या गोळ्या असं काही चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरूच करू नका.

करायचं कसं ते सांगते. पहिला आठवडा फक्त रात्रीच्या जेवणाला चहाचे दोन सपाट चमचे. दुसऱ्या आठवड्यात दुपारी तेवढेच. मग हळूहळू दोन्ही वेळेला जेवणाचा एकेक शिगोशीग चमचा, म्हणजे रोजचे 10 ग्रॅम. घाई केलीत तर पोट फुगेल आणि दोष इसबगोलावर येईल. दर वेळी मोठा ग्लासभर पाणी, 250 मिलिलिटरपेक्षा कमी नाही, ढवळून लगेच प्यायचं. ग्लासातला गोळा आठवा, तो घशात व्हायला नको. कोरडा भुसा तोंडात टाकून वरून घोटभर पाणी हा प्रकार अजिबात नको. ज्यांना गिळायला त्रास होतो किंवा आतड्याचा मार्ग अरुंद असल्याचं निदान आहे, त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. चव लावलेल्या पुड्यांमध्ये साखर असते, तुमच्या ट्रायग्लिसराइडला ती नको. ट्रायग्लिसराइडवर फायबरचा फारसा परिणाम होत नाही हेही सांगून टाकते. तिथे साखर, मैदा, दारू आणि पोटाचा घेर हेच बघावं लागतं.

एवढं सगळं नीट केलंत तर काय पदरात पडेल? फायबरचे दहा ते पंधरा अंक, तूप-फरसाण आवरल्याचे बहुधा आणखी तितकेच. 158 चं 130-135 झालं तर मी तुमची पाठ थोपटेन. ते पुरेसं आहे का, हे मात्र तुमच्या रिपोर्टवरच्या एका आकड्यावर ठरत नाही. मधुमेह आहे का, रक्तदाब, तंबाखू, वडील किंवा भाऊ कमी वयात हृदयविकाराने गेले का, यावर ठरतं. यातलं काहीच नसेल तर दोन-तीन महिने आहाराला देऊन मग ठरवायला अनेक डॉक्टर तयार होतात. यातलं काही असेल, किंवा हृदयविकार होऊन गेला असेल, तर गोळी लांबवण्यासाठी माझ्या उत्तराचा आधार घेऊ नका. कमी डोसच्या स्टॅटिननेही एलडीएल 30 टक्क्यांच्या आसपास कमी होतं, फायबरच्या हातात तेवढं बळ नाही. आणि घरात दोन-तीन जणांचं एलडीएल 190 च्या वर असेल तर तो रिसेप्टरचाच जन्मजात दोष असू शकतो. तिथे यकृताला कितीही तुटवडा जाणवला तरी पुढे करायला हातच कमी असतात.

सुरू केल्यापासून तीन-चार आठवड्यांत एलडीएल जिथे उतरायचं तिथे उतरलेलं असतं, त्यामुळे तीन महिने थांबायची गरज नाही. पूर्ण डोसवर आल्यानंतर आठ आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये रक्त द्या, सोबत टीएसएच सांगा. टीएसएच सहा महिन्यांपेक्षा जुना असेल तर मात्र आठ आठवडे थांबू नका, तो याच आठवड्यात करून घ्या. आणि पुढच्या वेळी आकडे लिहाल तेव्हा गोळीची वेळ, दोन्ही जेवणांच्या वेळा आणि घरात महिन्याला तूप किती किलो लागतं तेही लिहा.